चौंडके, श्रुतिपेटी आणि जवारी : नव्या नादाच्या निर्मितीची चिकित्सा

सारांश

नवे वाद्य कशास म्हणावे, याचा निर्णय आपल्याकडे बहुधा निर्मात्याचे नाव, लेखी सिद्धान्त आणि विद्वत्सभेची मान्यता यांच्या आधारे केला जातो. प्रस्तुत लेखात पश्चिम महाराष्ट्रातील तीन नादरचना शेजारी ठेवून या निकषाची तपासणी केली आहे : देवीभक्तांचे चौंडके, कृष्णाजी बल्लाळ देवल व अर्नेस्ट क्लेमंट्स यांची श्रुतिपेटी आणि तंबोऱ्याची जवारी. नाद कोठे उत्पन्न होतो आणि वाजवणाऱ्याच्या हाती त्यावर किती ताबा राहतो, या दोन प्रश्नांवर वाद्याचे नवेपण ठरवावे, अशी या लेखाची मांडणी आहे. बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन अभ्यासाच्या संदर्भात या मांडणीचे काही परिणामही नोंदवले आहेत.

बीजसंज्ञा : चौंडके, तुणतुणे, श्रुति, पेटी, जवारी, वाद्यवर्गीकरण.

प्रास्ताविक

बारामती आणि इंदापूर हे तालुके कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या काठचे. कऱ्हा जेजुरीच्या बाजूने बारामतीस येते. नीरा दोन्ही तालुक्यांची दक्षिण सीमा आखत नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते आणि भीमा पुढे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे वळते. या वाटांनी माणसे फिरली तशी वाद्येही फिरली. खंडोबाच्या वाघ्या-मुरळीबरोबर दिमडी आणि तुणतुणे, पंढरीच्या वारीबरोबर वीणा, टाळ आणि पखवाज, तुळजापूर व सौंदत्तीच्या देवीभक्तांबरोबर संबळ आणि चौंडके, धनगरांच्या मेळ्याबरोबर गजी ढोल अशी वाद्यांची दाटी या प्रदेशात आढळते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूरमार्गे जाताना यांपैकी कित्येक वाद्ये एकाच रस्त्यावर ऐकता येतात.

या वाद्यांचा अभ्यास आपल्या महाविद्यालयांत होतो तो मुख्यतः लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेतून. गीत, विधी, जात, दैवत यांचे विवेचन सविस्तर होते. वाद्याच्या वाट्याला मात्र ‘लाकडी नळकांडे, त्यावर चामडे, मध्ये तार’ एवढे वर्णन येते. दुसरीकडे, वाद्यनिर्मितीतील नवे प्रयोग हा विषय निघाला की पेटंट, प्रयोगशाळा, विजेवर चालणारी साधने आणि पाश्चात्त्य आधुनिकतावादी कलावंत यांची नावे पुढे येतात. एका बाजूस परंपरा आणि दुसऱ्या बाजूस नवनिर्मिती अशी ही विभागणी इतकी रूढ झाली आहे की, परंपरेतील वाद्याकडे ‘कोणीतरी कधीतरी लावलेला शोध’ म्हणून पाहण्याचे सुचतच नाही.

मराठी भाषेनेही या दृष्टीस हातभार लावला आहे. एकच गोष्ट कंटाळा येईपर्यंत सांगत राहणाऱ्यास ‘आपलेच तुणतुणे वाजवतो’ असे म्हटले जाते. तुणतुण्याचा अविचल स्वर हा गोंधळात, पोवाड्यात आणि तमाशाच्या फडात गाणाऱ्याचा आधार असतो. वाक्प्रचाराने तोच गुण दोष म्हणून रूढ केला. वाद्याच्या चिकित्सेची सुरुवात अशा गृहीतांच्या तपासणीपासूनच करावी लागते.

चौंडक्यातील नादाचे स्वरूप

चौंडक्याची रचना वरवर पाहता अत्यंत साधी आहे. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडास चामडे मढवलेले असते, दुसरे तोंड मोकळे असते. चामड्याच्या मध्यातून एक तात किंवा तार ओवून ती आतून मोकळ्या तोंडाबाहेर काढतात. नळकांडे काखेत धरायचे, एका हाताने तारेचे मोकळे टोक ओढून धरायचे आणि दुसऱ्या हातातील नखीने तार छेडायची, अशी वादनपद्धती आहे. तुणतुण्यात हेच तत्त्व थोड्या वेगळ्या रूपात दिसते. तेथे नळकांड्याच्या अंगाला एक काठी जोडलेली असते आणि तार तिच्या वरच्या टोकाच्या खुंटीस बांधलेली असते. तुणतुण्यातील ताण खुंटी सांभाळते, चौंडक्यातील ताण हात सांभाळतो. एवढ्या एका फरकाने एक वाद्य आधारस्वराचे होते आणि दुसरे बोलके होते.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे स्वर एका सप्तकाने चढवायचा तर ताण चौपट करावा लागतो, षड्जावरून पंचमावर जायचे तर सव्वादोनपट. चौंडके वाजवणारा हे गणित मांडत नाही. पण काखेचा दाब आणि हाताची ओढ यांच्या मेळातून तो ते प्रत्येक आघाताला सोडवत असतो. तार छेडल्यानंतर ओढ वाढवली की स्वर वर सरकतो, सैल केली की खाली उतरतो. या दोन स्थानांमधील कोणतीही जागा त्यास बंद नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट तार आणि चामडे यांच्या संबंधात आहे. सतार किंवा तंबोऱ्याची तार तबलीला समांतर जाते आणि घोडीमार्फत तबलीस हलवते. चौंडक्याची तार चामड्यास जवळजवळ लंब असते. अशी तार आडवी हेलकावते तेव्हा ती चामड्यास आडवे ढकलून फारसा आवाज काढू शकत नाही. चामड्यावर परिणाम होतो तो तारेच्या ताणातील चढउताराचा. एका पूर्ण कंपनात तार मध्यस्थितीपासून दोनदा दूर जाते, एकदा एका बाजूस आणि एकदा दुसऱ्या. प्रत्येक वेळी तिची लांबी किंचित वाढते, ताण वाढतो आणि चामड्यास ओढ बसते. त्यामुळे तारेच्या एका कंपनामागे चामड्यास दोन ओढी मिळतात. आदर्श स्थितीत चामड्यातून निघणारा स्वर तारेच्या स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे एका सप्तकाने वरचा असावा लागतो. प्रत्यक्षात तार अगदी लंब नसते, हातातील टोकही स्थिर नसते. म्हणून तारेचा मूळ स्वर आणि वरचा स्वर यांचे मिश्रण ऐकू येते.

शिवाय ही ओढ तारेच्या विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तार दुप्पट दूर खेचून सोडली तर चामड्यावरील ओढीचा चढउतार चौपट होतो. म्हणून हळुवार छेडलेले चौंडके जवळजवळ मुके वाटते आणि थोड्याच अधिक जोराने छेडले असता एकदम गर्जते. जोराच्या आघातानंतर आरंभी ताण अधिक असल्याने स्वर किंचित चढा उमटतो आणि विरता विरता खाली येतो. चौंडक्याच्या आवाजास ‘घुमणे’ आणि ‘बोलणे’ या दोन्ही क्रिया का लावल्या जातात, याचे भौतिक कारण या रचनेत आहे.

वर्गीकरणाची कोंडी

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. देवगिरीच्या यादव दरबारात तेराव्या शतकात संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवापर्यंत आणि पुढेही ही चौकट टिकली. चौंडके या चौकटीत कोठे बसते? तार छेडली जाते म्हणून ते तत वाद्य, चामडे बोलते म्हणून ते अवनद्ध. तार काढली तर वाद्य उरत नाही, चामडे काढले तरीही उरत नाही.

युरोपातही हीच कोंडी निर्माण झाली. एरिख फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात चर्मवाद्यांच्या मुख्य विभागाखाली ‘छेडली जाणारी चर्मवाद्ये’ असा एक स्वतंत्र गट केला. गोपीयंत्र आणि आनंदलहरी या भारतीय वाद्यांसाठीच जणू तो राखून ठेवला होता. तारेस केवळ चामडे हलवण्याचे साधन मानून त्यांनी प्रश्न मिटवला. १९८१ मध्ये लॉरेन्स पिकेन यांनी या वाद्यांचा नव्याने विचार करून कंपनाचा उगम तारेत आहे आणि स्वर तारेच्या ताणाने ठरतो, अशी मांडणी केली. म्हणजे या कुळातील वाद्यांचा नाद नेमका कोठे जन्मतो, हा प्रश्न वाद्यशास्त्राने ६७ वर्षे चुकीच्या खणात ठेवून दिला होता.

या इतिहासातून वर्गीकरणकर्त्यांचे उणेपण दाखवणे हा येथे हेतू नाही. जे वाद्य प्रचलित चौकट मोडते, ते नादनिर्मितीची वेगळी रीत घेऊन आलेले असते, एवढेच त्यातून निष्पन्न होते. चौकट मोडणे हे नवेपणाचे एक लक्षण मानले, तर चौंडके त्या कसोटीस उतरते.

रुस्सोलोचे नादयंत्र : एक तुलना

विसाव्या शतकातील नव्या नादाचा इतिहास सांगताना इटालियन चित्रकार लुइजी रुस्सोलो यांचे नाव आरंभी घेतले जाते. मार्च १९१३ मध्ये त्यांनी ‘गोंगाटाची कला’ या अर्थाचा जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगातील माणसाच्या कानास जुन्या वाद्यवृंदाचे मोजके आवाज पुरेनासे झाले आहेत, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी त्यांनी ‘इंतोनारुमोरी’ ही खोक्यांच्या आकाराची, मोठे कर्णे लावलेली यंत्रे बनवली आणि १९१४ मध्ये मिलान येथे त्यांचा जाहीर प्रयोग केला. मूळ यंत्रे पुढे नष्ट झाली. लेखी पुराव्यांच्या आधारे त्यांच्या प्रतिकृती नंतर तयार करण्यात आल्या.

या खोक्यांच्या आत काय होते? एक ताणलेले चामडे, त्याच्या मध्यास जोडलेली तार, ती तार घासणारे चाक आणि तारेचा ताण कमीजास्त करणारा दांडा. चाक मूठ फिरवून चालवायचे आणि दांडा सरकवून स्वर चढवायचा-उतरवायचा. छेडण्याऐवजी घासणे आणि हाताच्या ओढीऐवजी दांडा, एवढे दोन बदल वगळले तर नादनिर्मितीचे तत्त्व चौंडक्याचेच आहे. रुस्सोलो यांनी भारतीय वाद्य पाहिले होते, असे येथे सुचवायचे नाही. एकाच भौतिक तत्त्वापर्यंत दोन ठिकाणची माणसे स्वतंत्रपणे पोहोचू शकतात.

तुलनेतून पुढे येणारा प्रश्न मूल्यमापनाचा आहे. एकाच तत्त्वावरील दोन रचनांपैकी एकीची गणना क्रांतीत होते आणि दुसरीची गणना भिक्षेच्या साहित्यात. पहिलीस जाहीरनामा होता, निर्मात्याचे नाव होते, वृत्तपत्रांत वादळ होते. दुसरीस यांपैकी काही नव्हते. रुस्सोलो यांचे खरे श्रेय गोंगाटास संगीताचे द्रव्य मानण्याच्या विचारात आहे आणि ते मोठे आहे. परंतु यंत्ररचनेचे नवेपण आणि विचाराचे नवेपण या दोन गोष्टी समीक्षेने वेगळ्या करावयास हव्यात. त्या एकत्र केल्यामुळे ज्यांच्याकडे लिहिलेला विचार नाही, त्यांच्या यंत्ररचनेचीही नोंद होत नाही.

श्रुतिपेटीचा प्रयोग

महाराष्ट्रात नावनिशीवार, सिद्धान्तासह आणि विद्वत्सभेपुढे मांडल्या गेलेल्या वाद्यप्रयोगाचे ठळक उदाहरण श्रुतिपेटीचे आहे. सांगलीचे निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. तारेच्या लांबीची गुणोत्तरे काढून बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या थोर गायकाचे सहकार्य लाभले आणि भारतीय नागरी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांची साथ मिळाली. क्लेमंट्स यांचे भारतीय संगीतावरील पुस्तक १९१३ मध्ये निघाले. या विचारानुसार श्रुती वाजवू शकणारी पेटी इंग्लंडमध्ये तयार करवून घेण्यात आली.

प्रयोगामागील तक्रार रास्त होती. बारा समान भागांत विभागलेल्या पेटीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर हा फरक लहान दिसतो, पण तंबोऱ्यावर जुळलेल्या कानास तो खुपतो. पेटीचा हा दोष पुढे आकाशवाणीनेही मनावर घेतला आणि १९४० पासून पेटीवर बंदी घातली. ती १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने सैल झाली. तेव्हा देवल यांचा आक्षेप एका व्यक्तीचा हट्ट नव्हता.

तरीही मार्च १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर तीव्र मतभेद प्रकट झाले आणि श्रुतिपेटी सर्वमान्य झाली नाही. विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्या अभ्यासकास बावीस स्थानांची ही निश्चिती पटली नव्हती. या अपयशाची कारणे सहसा व्यक्तींच्या संघर्षात शोधली जातात. वाद्याच्या रचनेत पाहिले तर कारण अधिक स्पष्ट दिसते. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधारास एक निश्चित पट्टी देता येत नाही. तो स्वर हालचालीतच असतो. बावीसच काय, शंभर पट्ट्या दिल्या तरी एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते आणि मींड हरवते. १९६३ मध्ये नझीर जैरझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील स्वरस्थानांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा नामवंत कलावंतांच्या वादनातही एकाच स्वराचे स्थान बदलते राहते, असे आढळले.

येथे चौंडक्याकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल. श्रुतींमधील प्रमाणश्रुती म्हणून ओळखले जाणारे अंतर ८१ : ८० या गुणोत्तराचे, सुमारे २१.५ सेंटचे आहे. ते ओलांडण्यास तारेचा ताण सुमारे अडीच टक्क्यांनी बदलावा लागतो. चौंडके वाजवणाऱ्याचा हात एका हेलकाव्यात याच्या कित्येक पट अंतर सलगपणे पार करतो. त्याला त्या अंतराचे नाव ठाऊक नसते आणि ते नेमके साधण्याचा त्याचा उद्देशही नसतो. म्हणून त्याच्या वादनास श्रुतिज्ञान म्हणणे भाबडेपणाचे होईल. मुद्दा रचनेचा आहे. एका वाद्यात हात आणि स्वर यांच्यामध्ये काहीच नाही, दुसऱ्यात निर्णय आधीच झालेला आहे.

भरताने श्रुती सिद्ध करण्यासाठी सांगितलेला प्रयोगही या संदर्भात आठवावा. दोन सारख्या वीणा घ्यायच्या, एक स्थिर ठेवायची आणि दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवत न्यायच्या. शार्ङ्गदेवाने हा प्रयोग बावीस तारांच्या दोन वीणांवर मांडला. या प्रयोगात वाद्य हे कानास निर्णय करू देणारे साधन आहे. श्रुतिपेटीने तोच निर्णय कानाकडून काढून पट्टीकडे दिला.

अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च यांचे उदाहरण येथे प्रबोधक आहे. त्यांनी पायपेटीत फेरबदल करून सप्तकाचे ४३ भाग वाजवणारे ‘क्रोमेलोडियन’ घडवले. श्रुतिपेटीशी त्याचे नाते उघड आहे. परंतु पार्च यांनी वाद्य घडवले ते त्या स्वरांत स्वतः रचावयाच्या, तोवर अस्तित्वात नसलेल्या संगीतासाठी. देवल-क्लेमंट्स यांनी वाद्य घडवले ते आधीच पूर्णत्वास गेलेल्या गायकीची दुरुस्ती करण्यासाठी. नव्या वाद्यास नवे संगीत लागते. जुन्या संगीतास पुरावा देण्यासाठी घडवलेले वाद्य पुराव्यातच अडकून पडते.

यावर असा आक्षेप संभवतो की, साधी पेटीही पट्ट्यांचीच, मग ती कशी रुजली? गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या वादनात याचे उत्तर मिळते. पेटीत स्वर बदलता येत नसला तरी भात्याचा दाब, पट्टी दाबण्या-सोडण्याची क्षणगती आणि स्वर एकमेकांत मिसळण्याची रीत हाताच्या ताब्यात असते. त्या जागेतून या वादकांनी मींडेचा आभास निर्माण केला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी षड्ज-पंचम अचल आणि उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती अशी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून देवल यांचा प्रश्न नव्या कौशल्याने हाताळला आहे. स्वरस्थानाची शुद्धता त्यातून निश्चित वाढते. दोन स्थानांमधील सलग प्रवास मात्र पट्टीच्या कोणत्याही वाद्यास अप्राप्यच राहतो.

जवारी, शाई आणि कणीक

नादाचा शोध स्वरस्थानात न घेता स्पर्शाच्या जागी घेतला तर काय घडते, याचे उदाहरण तंबोरा देतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. या तंबोऱ्यांचे भोपळे येतात ते मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून, म्हणजे इंदापूरच्या कडेने वाहणाऱ्या भीमेच्याच पुढच्या काठावरून.

तंबोऱ्याची रुंद घोडी किंचित वक्र घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला की तार घोडीच्या पृष्ठभागास प्रत्येक कंपनात अलगद स्पर्श करते आणि स्वर ‘उघडतो’. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या परिणामाकडे लक्ष वेधले. सामान्य तारेत ज्या बिंदूवर छेडावे, तेथे ज्यांची स्थिर जागा असते ते उपस्वर निघत नाहीत. जवारी लावलेल्या तारेत ते निघतात. जे पाठ्यपुस्तकातील नियमानुसार ऐकू येऊ नये, ते सुताच्या धाग्याने ऐकू येते.

तबला-पखवाजाची शाई याच जातीचा शोध आहे. साध्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा बेमेळ पटींत पडतात, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांस निश्चित स्वर नसतो. चामड्याच्या मध्यभागी थरावर थर देऊन घोटलेल्या शाईने हे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल नात्यात येतात. रामन व शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिले. पालखीच्या मुक्कामी भजनापूर्वी पखवाजाच्या डाव्या तोंडास कणकेचा गोळा थापणारा वारकरी याच तत्त्वाचा रोज नवा प्रयोग करतो : कणीक कमी पडली तर आवाज चढा आणि कोरडा, अधिक झाली तर बसका. कीर्तन संपल्यावर ती खरवडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कानाने ठरवायची.

धागा, शाई, कणीक आणि चौंडक्याची काख या चारही ठिकाणी शोध द्रव्य आणि देह यांच्या सांध्यावर लागलेला आहे. यांच्या निर्मात्यांची नावे उपलब्ध नाहीत. नाव नसणे म्हणजे शोध नसणे, असा अर्थ मात्र काढता येत नाही. तसेच नाव नसल्यामुळे तो ‘लोकप्रतिभेचा’ चमत्कार ठरवणेही योग्य नाही. शाईचा प्रत्येक थर कोणीतरी ऐकून, फसून, पुन्हा घोटून ठरवलेला असणार.

प्रथा आणि वाद्य

चौंडक्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. हे वाद्य ज्या जोगती-जोगतिणींच्या हाती राहिले, त्यांच्या जीवनाशी मुली देवास वाहण्याची अन्यायकारक प्रथा निगडित होती. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने या पद्धतीच्या निर्मूलनाची तरतूद केली. या प्रथेचा अंत हे सामाजिक सुधारणेचे यश आहे. वाद्य टिकावे म्हणून ते वाजवणाऱ्यांचे दैन्य टिकावे, अशी अपेक्षा कोणत्याही सौंदर्यविचारास शोभणारी नाही. लोककलेच्या जतनाविषयी लिहिताना हा भेद अनेकदा पुसट होतो.

वाद्य विधीबाहेर पडून जगू शकते, याचा पुरावा त्याच्याच भावंडाने दिला आहे. तुणतुणे गोंधळातून आणि वाघ्या-मुरळीच्या जागरणातून शाहिरी फडात आले, तमाशात सुरत्यांच्या हाती स्थिरावले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या लाल बावटा कलापथकाने या शाहिरी परंपरेस कामगार चळवळीचे आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचे व्यासपीठ दिले. तुणतुण्याने दैवत बदलले, श्रोते बदलले, तरी नाद टिकवला. चौंडक्यास असे स्थलांतर फारसे लाभले नाही. त्याचे बोलके, अस्थिर स्वरूप समूहगानाच्या आधारस्वरास उपयोगी नव्हते, हे एक कारण. आणि त्यास चिकटलेला सामाजिक कलंक हे दुसरे. पहिले कारण वाद्याचे आहे, दुसरे समाजाचे. दोहोंची गल्लत केल्यास वाद्यच कमअस्सल ठरते.

अभ्यासाची दिशा

बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, मराठी आणि समाजशास्त्र हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. चौंडक्याचा अभ्यास या तिघांनी मिळून करण्याजोगा आहे आणि त्यास मोठ्या अनुदानाची गरज नाही. नळकांडे चामड्याची बाजू वर ठेवून पक्के बसवावे, तारेच्या टोकास ज्ञात वजने टांगावीत आणि निघणारा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याची कंपनसंख्या मोजावी. वजन चौपट केले असता स्वर एका सप्तकाने चढतो का. चामड्यातून निघणारा प्रमुख स्वर तारेच्या गणिती स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा आहे का. जोराने छेडल्यास आरंभीचा स्वर किती चढा असतो, हे तीन प्रश्न पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत तपासता येतील. वर दिलेले स्पष्टीकरण त्यातून पक्के होईल किंवा दुरुस्त होईल. दोन्ही निष्पत्ती मोलाच्या आहेत.

त्याच वेळी वाजवणाऱ्या व्यक्ती ओढ, ढील, आघात यांस कोणते शब्द वापरतात, चामडे कोणते निवडतात, तार कधी बदलतात, याची नोंद मराठीच्या अभ्यासकांनी करावी. मुलाखतीत केवळ देवाचे गाणे विचारले जाते, हाताविषयी विचारले जात नाही. मोबदला आणि श्रेय यांची व्यवस्था अशा नोंदीचा भाग असावयास हवी.

समारोप

वरील विवेचनावरून वाद्याच्या नवेपणासाठी दोन कसोट्या सुचवता येतात. पहिली, नाद उत्पन्न होण्याची जागा किंवा रीत त्या वाद्याने बदलली का? दुसरी, त्या बदलावर वाजवणाऱ्याचा ताबा वाढला की घटला? श्रुतिपेटीने स्वरस्थानांची संख्या वाढवली. नाद निघण्याची रीत पूर्वीचीच राहिली आणि निर्णय हाताबाहेर गेला. रुस्सोलो यांच्या यंत्राने रीत बदलली आणि दांड्याच्या रूपाने ताबाही ठेवला. जवारी, शाई आणि चौंडके यांनी रीत बदलली आणि ताबा थेट बोटाशी, कानाशी, काखेशी ठेवला. देवल यांच्या परिश्रमाचे मोल यामुळे कमी होत नाही, कारण श्रुतींचा प्रश्न मोजमापाच्या भाषेत मांडण्याचे धाडस त्यांनी केले. त्यांच्या प्रयोगास परिषद लाभली, चर्चा लाभली, खंडनही लाभले. चौंडक्यास अद्याप खंडनाचाही मान मिळालेला नाही. ते एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील मेजावर ठेवून, वजने टांगून, ते वाजवणाऱ्या व्यक्तीसमोर तपासले गेले, तर त्या चिकित्सेस सुरुवात झाली असे म्हणता येईल.